तीन वाजताचा आकडा

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतोय, आणि या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलोय. कुणाला पिंपळाखाली कोण दिसलं, कुणाच्या गाडीला घाटात कोणी हात केला... वाचायचं, हसायचं, ताट उचलायचं. बायको म्हणायची, एवढं हसू येतं तर वाचता कशाला? आज त्याच जागी मी स्वतः लिहायला बसलोय, तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मला कुणाला काही पटवायचं नाही. खरं तर तेवढा दमही उरलेला नाही.

मी राहतो तलासरीला. गोष्ट लोकसभेच्या निवडणुकीची, मे महिन्यातली. मला केंद्राध्यक्षाची ड्युटी लागली होती डहाणू तालुक्यात, गंजाडच्या पुढे आत. पाड्याचं नाव मुद्दाम देत नाही, तिथे माणसं राहतात, त्यांना उगाच त्रास नको. दोन खोल्यांची शाळा, वर पत्रे, समोर एक आंबा, बाजूला हापसा. आणि मोबाइलला रेंज शून्य. आमच्या ट्रेनिंगमध्ये अशा केंद्रांना 'शॅडो एरिया' म्हणतात.

माझी ही अकरावी निवडणूक. पहिल्या दोन-तीन वेळा लोकशाहीचा उत्सव वगैरे वाटलं होतं. आता ऑर्डर हातात पडली की आधी गुडघा ठणकायला लागतो. गुडघ्याचे कागद जोडून ड्युटी रद्द करण्याचा अर्जही दिला होता. तो जिथे जायचा तिथे गेला आणि मी बसमध्ये बसून तिथे पोचलो.

ज्यांनी ही ड्युटी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा. पण वरच्यांना तेवढ्याने चैन पडत नाही. दर दोन तासांनी — नऊ, अकरा, एक, तीन, पाच — किती मतं झाली, पुरुष किती, स्त्रिया किती, हे डहाणूच्या कंट्रोल रूमला कळवायचं असतं. तुम्ही टीव्हीवर जी टक्केवारी बघता ना, तिची सुरुवात अशी कुठल्या तरी शाळेतल्या मोडक्या बाकावर होते. रेंज असली तर फोन लावला की झालं. आमच्यासारख्या ठिकाणी मात्र माणूस पाठवावा लागतो.

तो माणूस म्हणजे रूपजीकाका. गावचे कोतवाल, म्हणजे तलाठ्याच्या हाताखाली नोटिसा वाटण्यापासून पंचनाम्याला माणसं गोळा करण्यापर्यंत सगळीकडे पायपीट करणारा माणूस. वय असेल सत्तावन्न-अठ्ठावन्न. किडकिडीत, खाकी शर्ट, पायात निळी स्लीपर, वरच्या खिशात बटणांचा छोटा फोन. आदल्या दिवशी दुपारी आम्ही बसमधून उतरलो तर हे ताडगोळ्यांचा अख्खा घड घेऊन उभे. स्वतः कोयत्याने सोलून एकेकाच्या हातावर ठेवत होते. मी थकव्याने चिडचिडा झालो होतो, तरी चार खाल्ले.

"काका, फोन कुठून लागतो?" मी विचारलं.

"वरती टेकडीला पायरीचं झाड हाय ना गुरजी, तठं एक काडी येते. अर्धा तास जायाला, अर्धा यायाला. तुमी चिंता नका करू. आकडा पोचवायचा तो मी पोचवतो."

पद्धत अशी ठरली. मी चिठ्ठीवर तीन आकडे लिहायचे, पुरुष, स्त्रिया आणि एकूण. काकांनी ती घेऊन टेकडी चढायची आणि फोनवर वाचून दाखवायची. कंट्रोल रूममध्ये शॅडो एरियाच्या केंद्रांसाठी वेगळं रजिस्टर होतं. त्यात आकड्यांपुढे 'शेरा' म्हणून एक रकाना, आणि फोन नेमका कुठून केला ते त्यात लिहायचं. उद्या माणूस बदलला तर नव्याला रेंजची जागा कळावी, एवढाच हेतू. हा रकाना लक्षात ठेवा. मला तेव्हा तो सरकारी रिकामटेकडेपणाच वाटला होता.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, आणि सातला सुरुवात. ऊन तापायच्या आत यायचं म्हणून बायका लवकर रांगेत लागल्या होत्या. माझ्यासोबत पहिले मतदान अधिकारी म्हणून रेल्वेतले सावे होते. काटेकोर माणूस. दर दोन तासांनी वेळ झाली की मतदार नोंदवहीत त्या क्षणी जो अनुक्रमांक असेल त्याखाली बारीक पेन्सिलीची रेघ मारायचे. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची आपली सवय. नऊ वाजता आकडा झाला अठ्ठावन्न. काका चिठ्ठी घेऊन गेले आणि दहाच्या आधी घाम पुसत परत आले.

"पोचला गुरजी."

"मत टाकून घ्या तुमचं, आता गर्दी कमी आहे."

"नाय, माझं शेवटी. सगळे आकडे पोचले की मंग माझं."

अकरा वाजता एकशे एक्केचाळीस. काका चिठ्ठी घेऊन निघाले. बारा वाजले, साडेबारा वाजले... काकांचा पत्ता नाही.

मी तोवर तीनदा दारात येऊन टेकडीकडे बघून गेलो होतो. काळजीने नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो, वैतागाने. एकचा आकडा घेऊन जायला माणूस नाही, आणि आकडा गेला नाही तर बोलणी मी खाणार. पत्रे तापलेले, पंखा फिरत नव्हता, रात्री डासांनी झोपू दिलं नव्हतं. त्यात हे. दुष्काळात तेरावा महिना.

पावणेएकच्या सुमाराला काकांची बायको आली, लखमीमावशी. मत टाकलं, शाई लावून घेतली आणि फडक्यात बांधलेली नाचणीची भाकर पुढे करून मला विचारलं, "गुरजी, ते कुठं हायेत? सकाळपासून काय खाल्लं नाय त्यानी."

आणि मी काय म्हणालो? तेव्हा तोंडून निघून गेलं, पण आज लिहिताना हात थांबतो. मी म्हणालो, "मला विचारता? बसले असतील कुठे तरी ताडी पीत. इथे माझा जीव चाललाय."

रांगेतली दोघं-तिघं हसली. मावशी हसली नाही. "ते नाय घेत ताडी, गुरजी. दहा वरसं झाली सोडून," एवढंच म्हणाली आणि भाकर घेऊन आंब्याखाली जाऊन बसली.

एक वाजता दोनशे सव्वीस. चिठ्ठी लिहिली आणि टेबलावरच्या कागदपत्रांच्या पाकिटाखाली दाबून ठेवली. पोलीस शिपाई केंद्र सोडू शकत नाही, आम्ही तर नाहीच. पाड्यातल्या कुणाला पाठवावं तर तो कुठल्या पक्षाचा निघेल याची भीती. सावे म्हणाले, "सर, झोनल ऑफिसर केंद्रांच्या फेरीवर येतील, त्यांना सांगू." बरं म्हटलं. दुपारी रांग परत वाढली, त्या गडबडीत तीन वाजले. तीनची चिठ्ठीही मी लिहिली — पुरुष एकशे एकोणचाळीस, स्त्रिया एकशे अठ्ठेचाळीस, एकूण दोनशे सत्त्याऐंशी — आणि तीही पाकिटाखाली गेली. दोन्ही चिठ्ठ्या खोलीबाहेर गेल्या नाहीत. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगायला तयार आहे.

साडेतीनला जीप आली. झोनल ऑफिसर राऊत साहेब, शेतीखात्यातले, भला माणूस. मी मनात तक्रारीची जुळवाजुळव करत होतो, तर त्यांनीच माझी पाठ थोपटली.

"शाबास हं, सर! शॅडो एरियात तुमचंच केंद्र एकदम टाइमवर. अकरा, एक, तीन, सगळे आकडे वेळेवर आले. बाकीच्यांनी माझं डोकं उठवलंय."

एकचा आणि तीनचा आकडा माझ्या पाकिटाखाली होता. मग कळवला कुणी?

अकरा निवडणुका केलेल्या माणसाला याचं उत्तर शोधायला वेळ लागत नाही. मी समजलो, कंट्रोल रूममधल्या कुणीतरी अंदाजपंचे भरून टाकले. आकडा आला नाही की वरून ओरडा बसतो, त्यापेक्षा मागच्या आकड्यात ऐंशी मिळवले की झालं. चला, सुंठेवाचून खोकला गेला. आता मी तोंड उघडून 'साहेब, माझा माणूसच हरवलाय' म्हणायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

म्हणून मी म्हणालो, "हो सर. रूपजीकाका आहेत ना. चांगला माणूस आहे."

जीप गेल्यावर मावशी उठून दारापाशी आली. तिच्याबरोबर तिचा दीर होता, हातात काठी. टेकडीकडे बघून यायला निघाले होते दोघं.

"सायेब काय बोललं, गुरजी?"

"सगळे आकडे वेळेवर पोचलेत म्हणाले."

तिचा चेहरा खुलला. "मंग हायेत ते वरती. ऊन लय हाय, झाडाखाली बसून ऱ्हायले आसतील. पुन्हा चढाया नको म्हणून," असं म्हणाली आणि दिराला परत पाठवून दिलं. स्वतः पुन्हा आंब्याखाली बसली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक शब्द बोललो असतो तर तो दीर काठी घेऊन टेकडीच्या वाटेला लागला असता. मी आत येऊन पाणी प्यायलो.

पाच वाजता तीनशे अठ्ठावन्न. ती चिठ्ठी मी लिहिलीसुद्धा नाही. मोकळा वेळ होता म्हणून केंद्राध्यक्षाची डायरी लिहून काढली. ही डायरी म्हणजे छापील रकान्यांचा दस्तऐवज. दिवसभरात काय काय झालं ते त्यात लिहायचं आणि पाकिटात सील करायचं. मी लिहिलं, 'दर दोन तासांचे सर्व आकडे संदेशवाहकामार्फत वेळेवर कळविले.' आणि खाली, जिथे काही उल्लेखनीय घटना घडली का असं विचारलेलं असतं, तिथे लिहिलं 'निरंक'. म्हणजे काहीही नाही.

सहाला मी दारात येऊन रांगेत कुणी आहे का बघितलं. कुणी नव्हतं. मावशी मात्र उभी राहिली.

"दार लावता, गुरजी? त्यांचं मत ऱ्हायलं."

मला तिच्याकडे बघवेना. नियम आहे मावशी, म्हणालो. मशीनचं क्लोज बटण दाबलं. एकूण चारशे तीन. नोंदवहीतही चारशे तीन. जुळलं, याचंच काय ते समाधान. मग सील, लाख, सह्या, पाकिटं. नोंदवहीचं पाकीट तेवढं ठेवून बाकी सगळं होईपर्यंत साडेसहा.

राऊत साहेब आम्हाला घ्यायला बससोबत परत आले. शेवटचा आकडा ताडून बघायला त्यांनी कंट्रोल रूमच्या रजिस्टरचा फोटो मोबाइलवर आणला होता, वाटेत रेंजमध्ये असताना मागवलेला. मला दाखवला. मी बसल्या बसल्या चष्मा लावून बघायला लागलो. थोडं हसूही आलं, म्हटलं बघू तरी यांनी काय अंदाज मारलेत.

अकरा — एकशे एक्केचाळीस. बरोबर.

एक — दोनशे सव्वीस. बरोबर. मी चष्मा पुसला.

तीन — पुरुष एकशे एकोणचाळीस, स्त्रिया एकशे अठ्ठावन्न, एकूण दोनशे सत्त्याण्णव.

इथे मला हायसं वाटलं, खोटं नाही सांगत. माझ्या चिठ्ठीत दोनशे सत्त्याऐंशी होते, दहाचा फरक. म्हणजे अंदाजच! पण सावे बाजूला उभे होते. ते म्हणाले, "सर, तीनला सत्त्याण्णवच होते." मला पटेना. नोंदवही सील व्हायची होती अजून, ती उघडली. सावेंची पेन्सिलीची रेघ होती अनुक्रमांक दोनशे सत्त्याण्णवच्या खाली. स्त्रिया मोजल्या, एकशे अठ्ठावन्न. दमलेल्या डोक्याने माझीच चिठ्ठी चुकली होती.

जो आकडा मी स्वतः चुकीचा लिहिला, जो या खोलीतून बाहेर गेलाच नाही, तो सोळा-सतरा किलोमीटरवर कुणीतरी बरोबर लिहून घेतला होता. पाचचा आकडाही तीनशे अठ्ठावन्न. त्याची तर चिठ्ठीच नव्हती.

मग नजर शेवटच्या रकान्याकडे गेली. शेरा. फोन कुठून केला. नऊच्या आकड्यापुढे लिहिलं होतं 'टेकडी, पायरीचे झाड'. त्याखाली अकरा, एक, तीन, पाच, चारही ओळींपुढे त्याच अक्षरात एकच — 'नाल्याच्या अलीकडे, करवंदीची जाळी'.

मी पोलीस शिपायाला विचारलं, तो तिथल्या जवळच्याच गावचा होता. "नाल्याजवळ रेंज येते का हो?"

"नाल्यात? साहेब, नाल्यात तर उलट जी असते तीपण जाते. खोलगट हाय."

"टेकडीला जायची वाट तिथून आहे?"

"वाट वरून हाय. पण आडवाटेनं नाला ओलांडला तर धा मिनिटं वाचतात. माहीतगार माणूस तिथनंच जाणार."

मी उठलो आणि राऊत साहेबांना सगळं सांगून टाकलं. काका अकरापासून परत आलेले नाहीत, एक, तीन, पाचचे आकडे मी पाठवलेच नाहीत, आणि तुम्हाला साडेतीनला खोटं बोललो. साहेबांनी लगेच शिपायाला आणि ड्रायव्हरला हाक मारली. मग म्हणाले, "तुम्ही मशीन सोडून हलायचं नाही. आम्ही बघतो."

शिपाई, साहेबांचा ड्रायव्हर, मावशीचा दीर आणि पाड्यातली चार माणसं गेली. मी सील केलेलं मशीन मांडीशी घेऊन शाळेच्या पायरीवर बसलो. नियमच आहे. केंद्राध्यक्षाने मशीन सोडायचं नसतं. अकरा निवडणुकांत मला तो नियम एवढा कधी टोचला नव्हता. मावशी समोर आंब्याखाली होती. भाकर अजून फडक्यात बांधलेलीच होती. ती मला काही बोलली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती टेकडीकडे बघत बसली होती.

उजेड होता अजून, तेव्हा हाका ऐकू आल्या. चादरीची झोळी बांबूला बांधून काकांना आणत होते. ड्रायव्हर पुढे पळत आला. नाल्याच्या अलीकडच्या काठाला, करवंदीच्या जाळीत सापडले होते. वाटेवरून दिसलेच नसते, जाळीत शिरून बघितलं तेव्हा स्लीपर दिसली. पाय सटकून काठावरून खाली गेले असणार. खुबा मोडलेला, डोक्याला खोक, अंग भट्टीसारखं तापलेलं. डोळे मिटलेले, पण श्वास चालू होता.

मुठीत माझी चिठ्ठी होती. अकराची, एकशे एक्केचाळीसची. म्हणजे अकराचा आकडासुद्धा टेकडीवर गेलाच नव्हता.

फोन नाल्यातल्या दगडांत दोन तुकड्यांत मिळाला, बॅटरी वेगळी, पाठ वेगळी. शिपायाने जोडून सुरू केला. शेवटचा फोन सकाळी साडेनऊच्या सुमाराचा. त्यानंतर एकही नाही.

काकांना जीपमध्ये घालून कासाच्या रुग्णालयात नेलं. मावशी सोबत गेली. मी मशीन घेऊन बसने डहाणूला गेलो, जमा केलं, पावती घेतली. जमा करायच्या रांगेत राऊत साहेबांना विचारलं, डायरीचं पाकीट उघडून दोन ओळी बदलता येतील का? ते म्हणाले, "सील झालंय सर. आता काही उघडायचं नाही." त्यांनी माझ्याविरुद्ध वर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

तिसऱ्या दिवशी कासाला गेलो. काका शुद्धीवर होते. डॉक्टर म्हणाले, उन्हाने अंगातलं पाणी संपलं होतं, आणखी तास-दोन तास गेले असते तर हाती लागले नसते. मी स्टूल ओढून बसलो. काकांनीच विचारलं.

"गुरजी, अकराचा आकडा ऱ्हायला ना माझ्याकडून?"

"नाही काका. पोचला."

"कोनी पोचवला?"

मी म्हणालो, "तुम्हीच."

पडल्याचं त्यांना आठवत होतं. नंतरचं काहीच नाही. फोन केल्याचं नाही, बोलल्याचं नाही. मग म्हणाले, "बेस झालं. पोचला तं झालं." त्यावर मावशीने त्यांना पाणी पाजलं आणि मलाही ग्लास दिला. ताडीच्या बोलण्याची माफी मी तेव्हाच मागितली. ती म्हणाली, "आसू द्या गुरजी, तुमी पन दमलं व्हतं." यापेक्षा तिने हाकलून दिलं असतं तर सोसलं असतं.

पुढे पावसाळ्यात एका प्रशिक्षणात मला त्या मॅडम भेटल्या, ज्या त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये ते रजिस्टर लिहीत होत्या. डहाणूच्याच एका शाळेत शिक्षिका आहेत. मी आडून आडून विचारत होतो, त्यांनी सरळ सांगितलं. आकडे अंदाजाने भरले का? तर त्या चिडल्याच. म्हणाल्या, "सर, मी असली कामं करत नाही. प्रत्येक वेळी फोन आला. म्हातारा माणूस होता, आवाज फार दमलेला. 'बाई, लिवा' म्हणायचे आणि आकडे सांगायचे. कुठून बोलता विचारलं की नाल्याच्या अलीकडे, करवंदीची जाळी. मला वाटलं, रेंजची जागा बदलली."

"नंबर बघितला होता?"

"आमच्या फोनवर नंबर दिसत नव्हता, सर. यादीत तुमच्या केंद्रापुढे होता तोच मी लिहीत होते."

म्हणजे एक फट आहे, हे मान्य करतो. दुसऱ्याच कुणीतरी फोन केले असतील, असं म्हणता येईल. पण मग त्या कुणीतरीला आमच्या खोलीतले आकडे कसे कळले, माझी चूक दुरुस्त करून कसे कळले, आणि काका कुठे पडलेत हे माहीत असून तो त्यांना उचलायला का गेला नाही? मी गणिताचा माणूस आहे. कितीही वेळा मांडलं तरी हे गणित सुटत नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, "एक लिहायचं राहिलं माझं. पाचच्या फोनला आकडा सांगून झाल्यावर ते म्हणाले — बाई, गुरजींना सांगा, मी हितंच हाय. मला वाटलं, संपेपर्यंत थांबतोय असं सांगतायत. रकान्यात जागा नव्हती, म्हणून नाही लिहिलं."

काका आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. टेकडी चढणं संपलं. कोतवालकीचं काम गेलं, ते दुसऱ्याला मिळालं. मी महिन्यातून एकदा जातो, मावशी भाकर वाढते, मी खातो. निवडणुकीचा विषय आम्ही कुणीच काढत नाही. एकदाच ते आपणहून म्हणाले होते, "माझं मत तेवढं ऱ्हायलं, गुरजी."

ती डायरी कुठल्या तरी सरकारी खोलीत सील होऊन पडली आहे. तिच्यात माझ्या अक्षरात दोन ओळी आहेत. संदेशवाहकाने सगळे आकडे वेळेवर कळविले, ही ओळ मी खोटी म्हणून लिहिली होती. ती खरी कशी झाली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि तिच्या खाली, एक माणूस उन्हात पडलेला असताना आणि त्याची बायको माझ्यासमोर भाकर घेऊन बसलेली असताना, मी लिहिलंय — उल्लेखनीय घटना, निरंक.